आबांची फ्री थ्रो नातवाने टाकावी का?

संत्राबर्फी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं रोमात (नुसती वाचते) आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

काही घरांत गाणं असतं, काही घरांत शुगर असते, तसा आमच्या घरात बास्केटबॉल आहे. माझे बाबा (म्हणजे मुलाचे आबा, वय ७८) साठच्या दशकात नागपुरात खेळले, पुढे विद्यापीठाकडून. दादा राज्य पातळीपर्यंत गेला, मी कॉलेजपर्यंत. आता पुण्यात माझा मुलगा, इयत्ता आठवी.

आबा फ्री थ्रो (फाउलनंतर रेषेवरून मिळते ती मोकळी थ्रो) खालून टाकतात. दोन्ही हातांनी बॉल धरायचा, गुडघे वाकवायचे, बॉल मांड्यांच्या मधे न्यायचा आणि तिथून वर सोडायचा. बादलीतलं पाणी उंच कुंडीत भिरकवावं तसं. त्यांना शिकवणारे सर मद्रासच्या वायएमसीए कॉलेजातून शिकून आले होते. मैदान मुरमाचं, बोर्ड लाकडी फळ्यांचा, रिंगला जाळी फक्त स्पर्धेच्या दिवशी. दादाने आणि मी ही पद्धत कधीच उचलली नाही. खरं सांगायचं तर लाज वाटायची.

चिरंजीवांनी मात्र उन्हाळ्याच्या सुट्टीत आबांबरोबर सोसायटीतल्या रिंगवर तीच घोटली. दहात सात-आठ पडतात. वरून टाकली तर चार.

शाळा सुरू झाली. सर म्हणाले, ही आजीबाईंची थ्रो आपल्याकडे चालणार नाही. संघातली पोरं आता त्याला 'आजी' म्हणतात. तो घरी काही बोलत नाही, पण गेले आठ दिवस खाली गेलेला नाही. आबा रोज साडेपाचला बूट घालून सोफ्यावर बसतात आणि साडेसहाला काढतात.

सरांशी बोलू? आबांना सांगू की आता नाद सोडा? की दोघांच्या मधे पडूच नको?

खडूस_काका
नियमात बसते का? बसते. रेषेमागून आणि पाच सेकंदांच्या आत टाका. हात कुठून आला हे नियमपुस्तक विचारत नाही. विषय संपला, धागा बंद करा.

संत्राबर्फी
काका, विषय नियमाचा असता तर मी इथे कशाला आले असते :)

तिरपा_बोर्ड
ताई, तुमच्या आबांना सांगा की ते एकटे नाहीत. रिक बॅरीचं नाव घ्या. १९७५ साली गोल्डन स्टेट वॉरियर्सला विजेतेपद मिळवून देणारा माणूस. सगळी कारकीर्द फ्री थ्रो खालून टाकली आणि एनबीएत (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) शंभरात नव्वदच्या आसपास पाडल्या. त्यालाही ही पद्धत वडिलांनीच लावली होती आणि पोरवयात त्यालाही ती बायकी वाटायची!

आता धाग्याच्या विषयाकडे. बॅरीला पाच मुलगे. पाचही बास्केटबॉलमधे, तिघे तर एनबीएत खेळले. घरात जगातला सर्वोत्तम फ्री थ्रो टाकणारा बसलाय, तरी थोरल्या चौघांनी वरूनच टाकली. धाकट्या कॅनियनने तेवढी बापाची पद्धत घेतली. तो फ्लोरिडा विद्यापीठाकडून खालून टाकायचा आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधे अमेरिकेच्या तीन-तीनच्या (दोन्हीकडे तिघेच खेळतात त्या) संघात होता.

म्हणजे पाचात एक. तुमच्याकडे दादा, तुम्ही आणि चिरंजीव धरून तिघांत एक आहे. तुमचं प्रमाण बरंच बरं.

उकडपेंडी
तिबो, भारी माहिती. चेंबरलेनचंही सांगा ना.

तिरपा_बोर्ड
सांगतो. विल्ट चेंबरलेन, सात फूट एक इंच. सगळं जमायचं, फ्री थ्रो सोडून. आयुष्यभराची सरासरी शंभरात एक्कावन्न. १९६१-६२ च्या हंगामात त्याने खालून टाकून पाहिली आणि आकडा एकसष्टवर गेला. २ मार्च १९६२ ला एका सामन्यात १०० गुण केले, तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. त्या रात्री ३२ पैकी २८ फ्री थ्रो पडल्या. आणि मग पठ्ठ्याने ती पद्धत सोडली! पुढे आत्मचरित्रात स्वतःच कबूल केलं की तसं टाकताना बायल्यासारखं वाटायचं, म्हणून सोडली.

सात फुटी माणसाला 'आजी' म्हणायची कुणाची छाती झाली नसेल. तरी त्याची ही गत. आठवीतल्या पोराचं काय घेऊन बसलात.

अर्धा_इंजिनिअर
यात थोडं गणित आहे, सहन करा.

रिंगचा व्यास ४५ सेंमी. पुरुषांच्या बॉलचा साधारण २४ सेंमी. बॉल सरळ वरून आला तर त्याला पूर्ण ४५ ची खिडकी मिळते. तो जसजसा आडवा येतो तशी खिडकी चपटी होते. ४५ अंशांतून आला तर साधारण ३२ सेंमी उरतात. ३३ अंशांच्या खाली गेला की २४ चा बॉल काठाला न लागता आत जाऊच शकत नाही. खालून टाकलेला बॉल सहसा उंच चढतो आणि मऊ उतरतो. त्यात दोन्ही हात सारखेच काम करतात, त्यामुळे मनगट डावी-उजवीकडे वळायची भानगड कमी. शिवाय उलटी फिरकी असते, रिंगला लागला तरी तिथल्या तिथे मरतो आणि बऱ्याचदा आत पडतो.

थोडक्यात, आबांच्या सरांना हे गणित मांडता येत असो वा नसो, त्यांचे हात बरोबर होते.

खडूस_काका
अइ, एवढं गणित येतं तर नावात 'अर्धा' कशाला?

अर्धा_इंजिनिअर
एम-३ (गणिताचा पेपर) राहिलाय काका. २००४ पासून.

मदनपुरा_लोकल
वा, बास्केटबॉलवर धागा आणि नागपाड्याचं नाव नाही? ये ना चॉलबे. आमच्याकडे गल्लीत क्रिकेट कमी आणि बास्केटबॉल जास्त. मस्तान वायएमसीए आणि बच्चूखान मैदान, एवढ्या टापूत माणूस जन्मतो, खेळतो, म्हातारा होतो आणि मग कठड्यावर बसून पुढच्यांना शिव्या देतो. अब्बास मुन्तसिर याच मातीतले. १९७० चा अर्जुन पुरस्कार, भारताचे कर्णधार. माझे अब्बू त्यांचा सामना बघायला झाडावर चढून बसायचे. खेळले स्वतः कधीच नाहीत, एका डोळ्याला दिसायचं नाही. पण घरात जेवताना खरकट्या बोटाने ताटात प्ले काढून दाखवायचे. भाताचा ढीग म्हणजे सेंटर, हाडूक म्हणजे गार्ड. अम्मी ओरडायची की अन्नाशी खेळू नका.

मी आणि माझे दोन्ही भाऊ त्या ताटावर शिकलो. तेव्हा संत्राबर्फीताई, पुढच्या पिढीत नेमकं काय उतरेल ते सांगता येत नाही. आमच्यात हाडूक उतरलं. माझी मुलगी आता कॅचपच्या पुड्यांनी स्क्रीन (वाट अडवायचा आडोसा) लावून दाखवते.

खालून थ्रो आमच्या मैदानावर टाकली तर मात्र लोक हसतील, खोटं का बोला. पण पडली तर गप्प बसतील. आमच्याकडे एवढाच नियम आहे.

आत्या_नंबर_७
मदनपुरा, ताटातला सेंटर वाचून डोळ्यांत पाणी आलं, हसून की कशाने माहीत नाही.

माझी आत्या सत्तरच्या दशकात सांगलीत खेळायची. कपड्यांवरून घरात महाभारत. शेवटी तह झाला, डिव्हायडर. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: समोरून स्कर्ट दिसायचा, आत दोन पाय वेगळे. आजीने तो परकराच्या कापडाचा शिवला होता, म्हणजे आत्या कोर्टवर उतरली की निळ्या फुलांची. मुलींनाही तेव्हा मुलांचाच मोठा बॉल. आत्याची बोटं अजून वाकडी आहेत, करंगळी तर कपाचा कान धरल्यासारखी. त्या बोटांवर तिला रेल्वेत नोकरी लागली. तिच्या पगारावर माझ्या बाबांचं शिक्षण झालं, आणि हे घरात कुणी मोठ्याने म्हणत नाही.

आत्याला तुमचा धागा फोनवर वाचून दाखवला. ती म्हणाली, "आम्ही सगळ्याच खालून टाकायचो, वरून टाकायला बॉल जडच व्हायचा. त्या सरांना म्हणावं, आजीबाईंची थ्रो म्हणता ना, मग आजीबाईला भेटा."

संत्राबर्फी
आत्यांना साष्टांग दंडवत _/\_

उकडपेंडी
आत्यांना माझाही. आणि त्यावरून एक प्रश्न, राग मानू नका. मूळ लेखात आबा आहेत, दादा आहे, तुम्ही आहात, मुलगा आहे. आई कुठे आहेत?

खडूस_काका
झालं. धाग्याचं काश्मीर (न संपणारा वाद) व्हायला घेतलं. मी चहा टाकतो.

बंड्या_एडिसनवाला
काका, माझ्यासाठीही अर्धा कप.

इथे न्यू जर्सीत माझ्या घरचा किस्सा. बाबा वर्षातून तीन महिने येतात, तेव्हा ते आणि माझा मुलगा एनबीए बघतात. बाबा कोल्हापुरात शाळेपुरतेच खेळलेले, पण नियमांचे पक्के. दर दोन मिनिटांनी सोफ्यावरून "ट्रॅव्हल! ट्रॅव्हल!" (टप्पा न मारता जादा पावलं टाकली) ओरडतात. मुलगा सांगतो, आजोबा, ही गॅदर स्टेप, बॉल पकडतानाचं पाऊल मोजत नाहीत. बाबा म्हणतात, आमच्या वेळी असं पाऊल टाकलं असतं तर सरांनी घरी पाठवलं असतं. शेवटी मी दाखवलं की २०१७ पासून आंतरराष्ट्रीय नियमांतही ते पाऊल चालतं. बाबा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "नियम बदलला म्हणून चूक बरोबर होत नाही."

२२ ऑक्टोबर २०२४ ला लेब्रॉन जेम्स आणि त्याचा मुलगा ब्रॉनी लेकर्सकडून एकाच वेळी कोर्टवर उतरले. एनबीएत बाप-लेक एकत्र खेळायची ती पहिलीच वेळ. बाबांनी तो सामना माझ्या मुलाला मांडीवर घेऊन बघितला. मुलगा साडेपाच फूट आहे, मांडी बधिर झाली, पण उठले नाहीत.

तिरपा_बोर्ड
बंड्या, बाबांना सांगा की 'डी'च्या आतला, रिंगसमोरचा पट्टासुद्धा बदलला. आंतरराष्ट्रीय सामन्यांत २०१० पर्यंत तो खाली रुंद आणि वर निमुळता असायचा, आता सरळ आयत. कित्येक जुन्या शाळांच्या मैदानांवर अजून जुना रंग दिसतो, वर नवा मारलेला. दोन्ही रेषा एकाच वेळी. सामन्यात पंच आधी सांगतात, आज पांढरी धरायची की पिवळी.

बंड्या_एडिसनवाला
नको, मग ते परतीचं तिकीट काढतील.

दुपारची_झोप
आमच्या घरात तीन पिढ्यांत फक्त टक्कल उतरलंय. बास्केटबॉलला उपयोगी पडेल का?

मदनपुरा_लोकल
पंच बॉल समजून उचलायचे. हलकेच घ्या.

चिंचपोकळी_२
उलटी गंगाही असते. विवेक रणदिवे हे नाव ऐकलंय ना? मुंबईत जन्मलेले, कॅलिफोर्नियात सॉफ्टवेअरवाले. यांनी आयुष्यात बास्केटबॉल खेळला नव्हता. मुलगी अंजली बारा वर्षांची असताना तिच्या संघाचे प्रशिक्षक झाले. पोरी ना उंच, ना फार कुशल. यांनी बाहेरून बघून विचारलं, समोरच्या संघाला आपल्या अर्ध्यात आरामात येऊ का देतात? मग सगळा सामना, सगळ्या कोर्टभर प्रेस (समोरच्यांना त्यांच्याच अर्ध्यात अडवायचं). पोरी राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोचल्या. बाकीचे पालक-प्रशिक्षक भयंकर चिडायचे म्हणतात, हा काय बास्केटबॉल आहे का म्हणून.

२०१३ मधे याच गृहस्थांनी सॅक्रमेंटो किंग्ज विकत घेतला. आणि मुलगी पुढे किंग्जच्या स्टॉकटनच्या संघाची जनरल मॅनेजर झाली. म्हणजे खेळ मुलीकडून बापाकडे गेला आणि परत मुलीकडे आला.

ऑक्टोबर २०१९ मधे किंग्ज आणि इंडियाना पेसर्स वरळीला एनएससीआय डोममधे खेळले, तेव्हा पहिल्या सामन्याला शाळकरी पोरं भरली होती. माझा भाचा होता त्यात. जादा वेळेत पेसर्स १३२-१३१ ने जिंकले. भाचा निकालापेक्षा तिथल्या आवाजाबद्दल जास्त बोलतो.

कर्णधार_नसलेली
वरून खालीच कशाला, आडवंही जातं. वाराणसीच्या सिंह भगिनी बघा. पाच जणी, त्यातल्या दिव्या, प्रशांती, आकांक्षा आणि प्रतिमा भारताकडून खेळल्या. एकीचं बघून दुसरी मैदानात. प्रशांतीला २०१९ मधे पद्मश्री. आपल्याकडे पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली. पण चार वाक्यं बोलायला इथे कुणाला रिक बॅरीच आठवतो.

तिरपा_बोर्ड
मान्य. चूक झाली. पण त्या खालून टाकत नाहीत ना :)

कर्णधार_नसलेली
आणि मूळ प्रश्नावर माझं मत वेगळं आहे. सगळे आबांच्या बाजूने वाहून गेलेत म्हणून लिहिते. मी शाळेत सहा वर्षं मुलींचा संघ सांभाळलाय. त्या सरांचं 'आजीबाई' म्हणणं चुकलंच, शंभर टक्के. पण चाळीस पोरं, एक बॉल पंक्चर, पाऊण तास. त्यात एका पोराची वेगळी पद्धत सांभाळायला शिक्षकाकडे वेळ नसतो. शिवाय तेरा वर्षांचा मुलगा रोज बसमधे 'आजी' ऐकतोय. ते आबांना ऐकावं लागत नाही, आणि रिक बॅरीला तर नाहीच नाही. आपण सगळे पोक्त माणसं इथे बसून त्याला शौर्य शिकवतोय. त्याला विचारलं का कुणी?

उकडपेंडी
+१. आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय.

खडूस_काका
कर्णधार यांच्याशी सहमत. माझ्या वडिलांनी मला तबला लावला होता. घराणं वगैरे. वडील गेल्यावर तो मी दोन महिन्यांत विकला. आता पासष्टाव्या वर्षी टेबलावर बोटं चालतात आणि बायको विचारते, काय वाजवताय? सांगायला तोंड नाही. एवढंच.

दुपारची_झोप
काका :(

अर्धा_इंजिनिअर
काका, तबला परत घ्या. मी एम-३ देतो.

संत्राबर्फी
मंडळी, उशीर झाला, माफी. घरात परीक्षा आणि पाहुणे. तीन गोष्टी झाल्या, त्या लिहिते.

एक. उकडपेंडी, तुमचा प्रश्न दोन दिवस डोक्यात राहिला. मग आईला विचारलंच, की तुला या सगळ्याचं काय वाटायचं. आई भाजी निवडत होती. म्हणाली, "मला मुरूम वाटायचा." पुढे काही नाही. मग थोड्या वेळाने म्हणाली की लाल मुरमाचा डाग पांढऱ्या बनियनवरून जात नाही. आधी कोरडं घासायचं, मग साबण. ओलं केलं की बसला तो बसला. बाबांचे, दादाचे, मग माझे, अशी तीस वर्षं. सामना बघायला एकदाच आली होती, माझा, आणि नेमकी मी पाच फाउल होऊन बाहेर गेले होते. मला हे आठवतही नव्हतं. तिला स्कोअर पाठ आहे.

दोन. सरांशी बोलले. भांडले नाही. चिडवण्याबद्दल सांगितलं तर ते वरमले, पोरांना समज देतो म्हणाले. थ्रोबद्दल म्हणाले, सामन्यात काय टाकायची ते त्याचं तो ठरवेल, पण सरावात वरूनही शिकलीच पाहिजे, पुढे जाऊन तीन गुणांची काय मांड्यांमधून टाकणार का? यात मला चूक दिसली नाही.

तीन. शनिवारी आंतरशालेय सामना होता. मुलाला विचारलं (हो, कर्णधार, विचारलं), तर म्हणाला, बघू. आबा आले होते, आई आली होती, डब्यात पुडाच्या वड्या घेऊन. त्याला चार फ्री थ्रो मिळाल्या. पहिल्या दोन वरून टाकल्या, दोन्ही बाहेर. तिसरीला उभा राहिला, पंचाने बॉल दिला, त्याने दोनदा टप्पा मारला, आणि मला इतक्या लांबून त्याचे गुडघे वाकताना दिसले. समोरच्या शाळेची पोरं हसायला लागली. बॉल उंच गेला, रिंगच्या मागच्या काठाला लागला, तिथेच उडी मारून थांबल्यासारखा झाला आणि आत. हसणं थांबलं. (मदनपुरा, तुमचा नियम पुण्यातही लागू आहे.)

चौथी पण खालून. ती रिंगला, बोर्डला, कशालाही लागली नाही. थेट मागच्या भिंतीवरच्या चुन्याला. आख्खं मैदान हसलं. तोही हसला.

मदनपुरा_लोकल
चारात एक! चेंबरलेनपेक्षाही कमी! आबा काय म्हणाले?

संत्राबर्फी
आबा म्हणाले, गुडघे वेळेआधी सरळ झाले. आई म्हणाली, वडी खा.

बंड्या_एडिसनवाला
आणि सामना?

संत्राबर्फी
बारा गुणांनी हरलो. घरी येताना रिक्षात आबा आणि नातू भांडत होते, समोरच्या सात नंबरच्या पोराने ट्रॅव्हल केलं होतं की नाही यावर. नातू म्हणतो गॅदर स्टेप. आबा म्हणतात चोरी.

बंड्या_एडिसनवाला
माझ्या बाबांचा नंबर व्यनि (खासगी निरोप) करतो. आबांना द्या.

खडूस_काका
बनियन पांढरा होता का, ते सांगा. आईंची कृती सौ. ना हवी आहे. आमच्याकडे डाग चहाचा आहे, पण चालेल.